मोटारीचे एंजिन आणि घराचे अंगण

मोटारगाडीच्या दुरुस्तीचे कोणतेही जुने पुस्तक उघडले, तर त्यात एक गंमत हटकून आढळते. एंजिन गाडीतून बाहेर कसे काढावे, हे पुस्तक दहा-वीस कलमांत सांगते. पाणी आधी सोडावे की तेल, कोणती नळी कोठून सुटते, कोणता बोल्ट शेवटी काढावयाचा, याचे सविस्तर वर्णन त्यात असते. मात्र तेच एंजिन पुन्हा बसवावयाचे कसे, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात संपते : काढताना जे केले तेच उलट क्रमाने करावे. हे काम ज्यांनी केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांना या उत्तराचे हसू आल्यावाचून राहत नाही. काढलेले एंजिन जुने असते, सगळ्या भागांच्या जागा वापराने ठरून गेलेल्या असतात. बसवावयाचे एंजिन मात्र नव्याने बांधलेले असते. त्याचा प्रत्येक सांधा अजून घट्ट असतो आणि त्यात कोठे काय चुकले आहे हे बाहेरून दिसत नाही.

दुरुस्त केलेले एंजिन आणि गिअरबॉक्स घरच्या घरी गाडीत पुन्हा चढविणे हा वरवर पाहता कारागिरीचा विषय आहे. आजच्या भाषणात मी त्याचा विचार इतिहासाचा विषय म्हणून करणार आहे. ज्या काळात सामान्य माणूस आपल्या दारात हे काम करू शकत होता, तो काळ फार मोठा नाही. तो विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि त्या शतकाच्या अखेरीस मावळू लागला. तो यावयास तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. यंत्राचे भाग एकमेकांच्या जागी बसतील इतके सारखे असावे लागले. यंत्राची रचना साध्या हत्यारांनी सुटेल अशी असावी लागली. आणि कारखान्यातील ज्ञान कारखान्याबाहेर पोहोचावे लागले. या तिन्ही गोष्टींचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पहिल्या गोष्टीपासून आरंभ करू. मोटार नवी होती त्या काळात प्रत्येक गाडी ही जवळजवळ स्वतंत्र वस्तू असे. कारागीर भाग घडवीत आणि मग कानशीने घासून घासून एकमेकांत बसवीत. त्यामुळे एका गाडीचा दट्ट्या त्याच कारखान्याच्या दुसऱ्या गाडीत बसेलच अशी खात्री नसे. गाडी बाळगणारा धनिक तिच्यासाठी एक माणूस ठेवी आणि त्याला शोफर म्हणत. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे. चालविण्याइतकेच यंत्र सांभाळणे हेही त्याचे काम होते, आणि यंत्र सांभाळणे म्हणजे पुष्कळदा कानस हातात घेऊन नवा भाग जुन्या जागी बसविणे होते.

१९०८ साली इंग्लंडमध्ये एक चाचणी झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ब्रुकलँड्स येथील धावपट्टीवर कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या आणण्यात आल्या आणि त्या पूर्णपणे सुट्या करण्यात आल्या. प्रत्येक गाडीचे सातशेहून अधिक भाग होते. ते सारे एका ढिगात मिसळण्यात आले. त्यांतील ८९ भाग क्लबच्या अधिकाऱ्यांनी बाजूला काढले आणि त्यांच्या जागी कंपनीच्या विक्रेत्याच्या कोठारातील तसलेच भाग ठेवले. मग कारागिरांनी केवळ पाने आणि पेचकस यांच्या साह्याने त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. कानस वापरावयाची मनाई होती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि त्यांनी पाचशे मैलांची धाव पुरी केली. या यशाबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर चषक मिळाला. घरच्या अंगणात एंजिन बांधण्याची शक्यता या चाचणीने सिद्ध केली, असे म्हणण्यास हरकत नाही. दुकानातून आणलेला भाग कानस न लावता बसतो हे ठरल्यावर कारागिराचा अर्धा भार हलका झाला. उरलेले काम समजुतीचे आणि काळजीचे होते.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी घडली. १ ऑक्टोबर १९०८ रोजी हेन्री फोर्ड यांनी आपली मॉडेल टी ही गाडी बाजारात आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. आरंभी साडेआठशे डॉलरांच्या आसपास असलेली किंमत १९२५ पर्यंत सर्वांत स्वस्त प्रकारासाठी २६० डॉलरांवर आली. किमतीची ही कथा सर्वश्रुत आहे. रचनेची कथा तितकी नाही. या गाडीचे चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात होते आणि त्यांच्यावरचे झाकण, ज्याला यंत्रशाळेत हेड म्हणतात, वेगळे काढता येत असे. झडपा आणि दट्टे वरून उघडे पाडण्याची ही सोय त्या काळी सर्वत्र नव्हती. एंजिन, गतिचक्र आणि दोन वेगांची गिअरव्यवस्था हे सर्व एकाच आवरणात होते आणि एकाच तेलात चालत होते. हा सारा गठ्ठा गाडीच्या सांगाड्यावर केवळ तीन ठिकाणी टेकविलेला होता. बेअरिंगांना कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचे अस्तर असे. ते झिजून ढिले झाले, तर खालचे झाकण काढून टोपण घासून घेता येई.

या गाडीचा मुख्य ग्राहक अमेरिकेतील शेतकरी होता आणि त्याच्या गावी मोटारीचा कारखाना नव्हता. नांगर, पंप आणि मळणीचे यंत्र यांची दुरुस्ती तो स्वतःच करीत आला होता. मोटार त्याच्या दृष्टीने त्याच कुळातली होती. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवून तो तिच्यावर करवत चालवी आणि पाणी उपसे. एंजिन दमले म्हणजे कोठाराच्या आढ्याला साखळी बांधून ते बाहेर काढी. घर आणि कार्यशाळा यांच्यातील भिंत शेतकऱ्याच्या जीवनात पूर्वीपासूनच नव्हती. फोर्ड यांच्या गाडीने तिचा पुरेपूर लाभ घेतला.

आता प्रत्यक्ष काम काय असते, हे थोडे पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. वर्षानुवर्षे दट्टे वर-खाली होऊन सिलिंडर झिजतो, आणि तो सर्व बाजूंनी सारखा झिजत नाही. त्याचे वर्तुळ लंबगोल होते. एंजिन तेल पिऊ लागते, धूर सोडते आणि चढावर दम टाकते. मग ते उतरवावयाचे, सिलिंडर यंत्रावर पुन्हा गोल कापून घ्यावयाचा आणि त्यात थोडे मोठे दट्टे घालावयाचे. हे मोठेपण इंचाच्या हजारांशात मोजले जाते. आपल्याकडचे मिस्त्री ‘वीसचा’, ‘चाळीसचा’ किंवा ‘साठचा’ पिस्टन म्हणतात, त्याचा अर्थ हाच. उलट क्रँकशाफ्ट घासून बारीक करावयाचा आणि त्याच्याभोवती तितकी जाड बेअरिंगे बसवावयाची. कापण्या-घासण्याचे हे काम घरी होत नाही. त्यासाठी यंत्रशाळाच लागते. घरी व्हावयाचे ते जुळणीचे आणि चढविण्याचे काम.

पुढे एंजिन आणि मागच्या चाकांना गती अशा जुन्या धर्तीच्या गाडीत या कामातील सर्वांत नाजूक क्षण एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या भेटीचा असतो. गतिचक्र आणि दाबपट्टी यांच्यामध्ये क्लचची चकती धरलेली असते. तिच्या मध्यभागी खाचा असलेले भोक असते. गिअरबॉक्समधून पुढे आलेली दांडी या खाचांतून जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकाशी असलेल्या लहानशा बुशात विसावावयाची असते. चकती केसभर जरी मध्यातून सरकलेली असली, तरी दांडी आत जात नाही. म्हणून दाबपट्टी आवळण्यापूर्वी एक खोटी दांडी घालून चकती मध्यावर आणतात. ही खोटी दांडी पुष्कळदा भंगारातल्या गिअरबॉक्सची असे. ती न मिळाली तर लाकडाची कातून घेत. मग गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकून मागचे तोंड हाताने हळूहळू फिरवावयाचे, म्हणजे खाचा एकमेकांसमोर येतात आणि दोन्ही आवरणे आपोआप मिळतात. जाणता मिस्त्री या ठिकाणी एक नियम कटाक्षाने पाळतो : दोन आवरणे हाताने मिळाली पाहिजेत. मध्ये बोटभर फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटविण्याचा मोह झाला, तर चकती वाकते किंवा आवरणाचा कान तुटतो. गिअरबॉक्सचे ओझे त्या दांडीवर लोंबकळू देणेही तितकेच घातक असते. फट राहिली तर मागे घ्यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा, एवढाच उपाय.

त्यानंतरची कामे लहान असली, तरी परिणामाने लहान नाहीत. एंजिन रबराच्या आधारांवर बसते. आपल्याकडे त्यांना फाउंडेशन म्हणतात. रबरातून वीज जात नाही, म्हणून एंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची जाड विणलेली पट्टी लावावी लागते. ती विसरली, तर स्टार्टरचा सारा विद्युत्प्रवाह वेगाच्या किंवा चोकच्या तारेतून वाट काढतो, आणि ती तार तापून लाल होते. नव्याने बांधलेल्या एंजिनात तेल सर्वत्र पोहोचलेले नसते. म्हणून आधी ठिणगीचे प्लग काढून ठेवून एंजिन नुसतेच फिरवावयाचे आणि तेलाचा दाब दिसू लागल्यावरच पेट्रोल व ठिणगी द्यावयाची. ठिणगी वाटणारा दांडा क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरतो. तो अर्ध्या फेरीने उलटा बसला, तर सारे भाग निर्दोष असूनही गाडी सुरू होत नाही. होतो तो फक्त फटफटाट. गाडी सुरू झाली तरी काम संपत नाही. पहिले काही शे मैल गाडी बेताने चालवावी लागते, कारण दट्ट्यांवरील कड्या आणि सिलिंडरची भिंत यांची अजून ओळख व्हावयाची असते. तेवढ्या प्रवासानंतर तेल बदलावयाचे, हेडचे बोल्ट पुन्हा आवळावयाचे आणि झडपांची अंतरे तपासावयाची. यांपैकी कोणतीही गोष्ट उलट क्रमाच्या त्या एका वाक्यात मावत नाही.

म्हणूनच तिसरी गोष्ट, म्हणजे ज्ञान, महत्त्वाची ठरते. हे ज्ञान घरापर्यंत कसे पोहोचले? पाश्चात्त्य देशांत ते मुख्यतः छापील पुस्तकांतून पोहोचले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पुस्तकमाला एका अशाच एंजिनातून जन्मली. जॉन हेन्स यांचा जन्म १९३८ साली सिलोनमध्ये, चहाच्या मळ्यावर झाला. इंग्लंडमध्ये शाळेत असतानाच त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवरून नवी गाडी उभी केली आणि १९५६ साली त्याविषयीची एक पुस्तिका काढली. पुढे ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि १९६०च्या दशकात एडन येथे असताना त्यांच्या एका सहकाऱ्याने ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी गाडी विकत घेतली. तिचे एंजिन नव्याने बांधावे लागले. कारखान्याने प्रसिद्ध केलेले पुस्तक मालकाच्या उपयोगाचे नाही, ते तयार यंत्रशाळा आणि खास हत्यारे गृहीत धरून लिहिलेले आहे, हे हेन्स यांच्या लक्षात आले. त्यांनी एंजिन सुटे करताना आणि बांधताना पायरीपायरीने छायाचित्रे घेतली. त्यांतून १९६६ साली पहिले पुस्तक निघाले आणि त्याच्या ३००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. यापुढे प्रत्येक पुस्तकासाठी गाडी प्रत्यक्ष सुटी करून पुन्हा बांधावयाची, ही या मालेची प्रतिज्ञा झाली. छायाचित्रात हात दिसतो, तो कोणत्या बाजूने आत गेला आहे हे दिसते. कारखान्याच्या रेखाचित्रात ते कधीच दिसत नाही.

अमेरिकेत याच सुमारास जर्मनीची फोक्सवॅगन बीटल ही गाडी तरुणांमध्ये लोकप्रिय झाली होती. तिचे एंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होई. त्यामुळे पाण्याच्या नळ्यांचा प्रश्नच नव्हता. गिअरबॉक्सला ते केवळ चार बोल्टांनी जोडलेले होते. पेट्रोलची नळी, वेगाची तार, काही विजेच्या तारा आणि उष्ण हवेच्या नळ्या सोडवून जॅकवर ते खाली उतरविता येई. १९६९ साली जॉन म्यूर या अभियंत्याने, विमानाच्या कारखान्यातील नोकरी सोडून दिल्यानंतर, या गाडीच्या दुरुस्तीचे एक पुस्तक लिहिले. यंत्राचा गंधही नसलेल्या माणसाला उद्देशून, मित्राशी बोलावे तशा भाषेत ते लिहिलेले आहे, आणि एंजिन उतरवून पुन्हा चढविणे हा त्याचा गाभा आहे. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने मॉडेल टीचा उत्पादनाचा विक्रम मागे टाकला. शतकात प्रचंड खपलेल्या या दोन्ही गाड्या मालकाला आपले एंजिन उघडू देणाऱ्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात मात्र हे ज्ञान पुस्तकातून आले नाही. येथील परिस्थितीच निराळी होती. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून यावयाचे आणि येथे जोडले जावयाचे. संपूर्ण गाडी येथेच घडावी हा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात धरला आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तो उचलला. परकीय सरकारने त्याला साथ दिली नाही. तरीही १९४२ साली बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ साली वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्या स्थापन झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली तयार गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. ज्यांच्याजवळ येथेच गाडी घडविण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जुळणीचा धंदा आवरावा, असे १९५३ साली टॅरिफ कमिशनने ठरविल्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या देशातून निघून गेल्या.

परिणाम असा झाला, की रस्त्यावर मोजक्या जातींच्या गाड्या उरल्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडर कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत राहिली. फियाट ११०० मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघत असे; १९७०च्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले आणि शतक संपेपर्यंत ती चालू राहिली. नवी गाडी मागितल्यावर हाती यावयास वर्षे लागत. अशा स्थितीत गाडी मोडीत काढण्याचा विचारही कोणी करीत नसे. एंजिन दमले की ते बांधावयाचे. पुन्हा दमले की पुन्हा बांधावयाचे. सिलिंडर कापण्याची मर्यादा संपली की त्यात लायनर घालून पुन्हा मूळ मापावर यावयाचे. गाडीचे आयुष्य एंजिनाच्या आयुष्याहून मोठे असते, हा विचार आपल्या समाजात या काळात रुजला.

गाड्यांची रचना दशकानुदशके फारशी न बदलल्याचा एक लाभ झाला, तो सहसा सांगितला जात नाही. काश्मीरपासून केरळपर्यंत कोणत्याही तालुक्याच्या गावी अँबॅसडरचे एंजिन डोळे मिटून बांधील असा माणूस निर्माण झाला. सुट्या भागांच्या प्रचंड पेठा उभ्या राहिल्या. मुंबईचा कुर्ला, दिल्लीचे काश्मिरी गेट आणि मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बझार, चेन्नईचे पुदुपेट ही नावे मोटारधंद्यात सर्वांच्या परिचयाची आहेत. १९५० साली सुरू झालेल्या शिल्पकार प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचे शिक्षणही मिळू लागले. परंतु बहुसंख्य मिस्त्री घडले ते उस्तादाच्या हाताखाली. पोरगा प्रथम रॉकेलमध्ये भाग धुई, मग पाने उचलून देई, मग बोल्ट सोडी. उस्ताद बोल्ट आवळताना मनगटाला किती झटका देतो हे तो पाही. बोल्ट किती आवळावा याचे माप पाश्चात्त्य पुस्तकात आकड्यांनी दिलेले असते; येथे ते मनगटात साठविलेले असे.

त्यामुळे ‘घरी एंजिन चढविणे’ या शब्दांचा आपल्याकडील अर्थ वेगळा आहे. अमेरिकेतील मालक स्वतः गाडीखाली झोपे. आपल्याकडे घरच्या अंगणात किंवा चाळीच्या चौकात मिस्त्री येई. लाकडी तिकाटण्याला नाहीतर झाडाच्या फांदीला साखळीची कप्पी बांधली जाई. दोन पोरे पहारीने एंजिन सावरीत आणि गाडीचा मालक खुर्ची टाकून जवळ बसे. मालक सुशिक्षित असे आणि मिस्त्री पुष्कळदा निरक्षर. ज्याला यंत्राचे तत्त्व पुस्तकातून माहीत होते त्याने पान्याला हात लावला नाही, आणि ज्याच्या हातात पाना होता त्याचे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही. हेन्स यांनी एडनमध्ये जे केले ते येथे व्हावयास काहीच अडचण नव्हती. छायाचित्रे घेणारे होते आणि काम करणारेही होते. परंतु हाताचे काम आणि डोक्याचे काम यांच्यात आपल्या समाजाने फार जुने अंतर राखले आहे. जातीने आखलेल्या त्या रेषेवर पुढे इंग्रजी शिक्षणाने आणखी एक रेष ओढली. मराठीत किंवा अन्य कोणत्याही भारतीय भाषेत मिस्त्रींच्या या विद्येचा जो समृद्ध ग्रंथसंग्रह उभा राहावयास हवा होता, तो राहिला नाही. तिचा फार मोठा भाग त्या-त्या माणसाबरोबर गेला.

टंचाईतून निर्माण होणाऱ्या अशा विद्येचे दुसरे उदाहरण क्यूबाचे आहे. १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यापार तुटला आणि तेथील रस्त्यांवरच्या अमेरिकन गाड्या भागांवाचून पोरक्या झाल्या. क्यूबन कारागिरांनी त्यांत रशियन आणि अन्य एंजिने बसविली, त्यांसाठी आधार घडविले, गिअरबॉक्स जुळविले. २०११ पर्यंत त्या देशात क्रांतीपूर्वीच्या गाड्याच मुक्तपणे विकता येत, म्हणून त्या अर्धशतकाहून अधिक काळ धावत्या राहिल्या. टंचाई ही काही अभिलषणीय गोष्ट नव्हे. तिचे कौतुक करणाऱ्यांनी ती बहुधा दुरून पाहिलेली असते. तथापि तिच्यातून जे ज्ञान निर्माण होते, ते विपुलतेत आपोआप टिकत नाही, एवढे खरे.

ही विपुलता आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीपासून सुरू झाली, असे मानता येईल. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ब्रिटनमध्ये मिनी ही गाडी रचली. तिच्यात एंजिन आडवे होते आणि गती पुढच्या चाकांना होती. जागा वाचविणारी ही मांडणी हळूहळू जगभर रूढ झाली आणि मारुतीतही आडवे एंजिन व पुढच्या चाकांना गती होती. अशा गाडीत पुढील जागा दाटीवाटीने भरलेली असते, आणि गिअरबॉक्स सोडवावयाचा तर चाकांकडे जाणाऱ्या दांड्याही सोडवाव्या लागतात. याहून मोठे कारण असे, की एंजिने अधिक टिकाऊ झाली. चांगले तेल, चांगल्या गाळण्या, भागांची अधिक अचूक घडण यांमुळे जे काम पूर्वी काही वर्षांनी हमखास निघे, ते गाडीच्या उभ्या आयुष्यात निघेनासे झाले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत धुराच्या नियंत्रणावर पाळत ठेवणारी संगणकीय व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटर मागे पडला. आता एंजिन यांत्रिक दृष्टीने अचूक बसले, तरी त्याची ओळख संगणकाला पटल्यावाचून ते चालेलच असे नाही.

या बदलाला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. जुन्या एंजिनांचा धूर आपल्या शहरांनी पुष्कळ वर्षे गिळला आहे. नवी गाडी कमी पेट्रोल पिते, अपघातात माणसाला अधिक वाचविते आणि मालकाचे अनेक रविवार मोकळे ठेवते. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने वयोमर्यादेमुळे निरोप घेतला, तेव्हा हळहळणाऱ्यांत तिच्या मागच्या आसनावर रोज बसून दूर जाणारे थोडे असावेत. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर अनेक वेगांचा गिअरबॉक्सही बहुधा नसतो आणि क्लचही नसतो. तिच्या विद्युत्घटमालेतील दाब इतका मोठा असतो, की अंगणात बसून ती उघडणे धोक्याचे आहे.

प्रश्न राहतो तो एवढाच, की एंजिन उघडण्याची गरज कमी झाली म्हणून ते उघडण्याचा अधिकारही संपला काय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. कारखान्याच्या अधिकृत विक्रेत्याला दुरुस्तीची जी माहिती आणि साधने मिळतात, ती गाडीच्या मालकाला आणि स्वतंत्र मिस्त्रीलाही मिळाली पाहिजेत, असा कायदा त्यांनी प्रचंड बहुमताने संमत केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी एक समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक माहितीकेंद्र संगणकजालावर सुरू केले. ज्या क्षेत्रांना यात प्राधान्य मिळाले त्यांत शेतीची अवजारे आणि मोटारी या दोन्ही आहेत. मॉडेल टीचा शेतकरी आठवला, तर ही जोडी योग्यच वाटते.

मात्र हक्क कागदावर मिळाल्याने विद्या येत नाही. ती दोन ठिकाणी असते : लिहिलेल्या शब्दात आणि सरावलेल्या हातात. आपल्या देशात हातांची उणीव कधीच नव्हती. अँबॅसडर आणि पद्मिनी यांची एंजिने बांधलेले मिस्त्री आज वृद्ध झाले आहेत. पण त्यांतले पुष्कळ अजून आपल्यात आहेत. क्लचची चकती मध्यावर आली हे त्यांना कशावरून कळते, बेअरिंगची ढिलाई ते कोणत्या आवाजावरून ओळखतात, बोल्ट कोठे थांबवावा हे त्यांच्या मनगटाला कोण सांगते, हे त्यांना विचारून लिहून घेण्यास अजून अवकाश आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि मराठी विज्ञानलेखक यांनी मनावर घेतले, तर हे काम पाच-सात वर्षांत होऊ शकेल. गाडी कोणतीही असो, आणि तिच्यात पेट्रोल जळो की वीज खेळो, सोडविलेले यंत्र पुन्हा जोडताना उलट क्रमाच्या त्या एका वाक्यात जे सांगावयाचे राहून जाते, ते सांगणारा माणूस पुढच्या पिढीलाही लागणारच आहे.